नावेतली कॉफी आणि माझी मळमळ

कॉफी मी आधी नाकाने ओळखली. आणि तीही अशा दिवसांत, की माझं नाकच माझ्या जिवावर उठलं होतं. पहिलटकरीण होते, तिसरा महिना लागला होता आणि जगातल्या एकूण एक वस्तूला वास होता. ओल्या गोणपाटाला होता, नावेच्या फळ्यांत मुरलेल्या डांबराला होता, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाला होता. शिजत्या डाळीला तर असा होता की झाकण उचललं की मी बाहेर. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्याने एक पावसाळा पूर्णेच्या पाण्यावर राहून पाहावं आणि मग शिकवावं. कुजका पाला, शेणाचे लोट, फुगून पाय वर केलेली शेळी, पिवळा फेस आणि त्या फेसावर बसलेल्या माश्या, हे सगळं आमच्या उशाजवळून वाहत जायचं. मी नावेच्या काठाला छाती टेकवून त्यात माझी भर घालायची.

अशा ठिकाणी माझ्या नवऱ्याला कॉफी करायचं वेड लागलं.

आमच्या भागात बाई नवऱ्याला मालक म्हणते, मीही तेच म्हणत आले. मालकांचं काम नदीचं पाणी मोजायचं. लढाईचे दिवस होते, राज्य निजामाचं होतं, आणि पूर्णेवर पुढेमागे धरण बांधायचं घाटत होतं म्हणून नदीचा अंदाज घ्यायला माणसं बसवली होती. या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा जाड दोर ताणलेला. त्याला कड्यांनी अडकवलेली एक लहान सरकारी नाव. दोराला धरून नाव मधोमध न्यायची, खोली बघायची, धारेचा वेग बघायचा आणि काठावर रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते नोंदवायचं. हाताखाली एक म्हातारा भोई होता. त्याला मी मामा म्हणायची. मामाचा जन्म नावेवर गेला होता. तो बोलायचा कमी, पण बोलला की खरं बोलायचा.

उन्हाळ्यात आम्ही काठावर कुडाच्या झोपडीत राहिलो. श्रावणात नदीने झोपडीची एक बाजू नेली, राहिलेल्या बाजूत विंचू निघायला लागले, तेव्हा आम्ही बिऱ्हाड नावेत हलवलं. नावेवर तट्ट्यांचं छप्पर होतं. एका टोकाला सरकारी सामान, दुसऱ्या टोकाला माझा संसार. मी कुरुंद्याच्या शेतकऱ्याची लेक. आमच्याकडे हळद शिजायची तेव्हा सगळं गाव पिवळ्या वासाने भरून जायचं आणि मला तो वास आवडायचा. नावेत मी हळदीची पुरचुंडी नाकाशी धरून झोपायची. तिलाही ओल लागली. मग तिचाही वास फिरला.

लाकडाच्या नावेत चूल पेटवता येत नाही. मामा काठावरच्या उंचवट्यावर तीन दगडांची चूल मांडायचा, तीही पाऊस थांबला तर. नावेत होता एक पंपाचा पितळी स्टो. रॉकेल कंट्रोलचं, मोजून मिळणारं, वसमतहून यायचं, आणि ते खरं म्हणजे पट्टीजवळच्या कंदिलासाठी असायचं, अंधारात पाणी दिसावं म्हणून. त्यातलंच थोडं वळवून माझं वरण शिजायचं. स्टोला दोन हात जास्त मारले तरी मालक म्हणायचे, "जरा बघून. महिना जायाचा हाय त्याच्यावर."

मग साहेब आला.

साहेब हैदराबादचा, मोठा इंजिनिअर. लढाई सुरू व्हायच्या आधी तो विलायतेकडे जाऊन आला होता आणि तिकडून काय शिकून आला ते मला माहीत नाही, पण घेऊन आला होता एक ॲल्युमिनियमचं भांडं. कमरेत बारीक, वरखाली रुंद, डमरूसारखं. त्याचे दोन भाग फिरवून एकमेकांत बसायचे. खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत कॉफीची पूड, वरचा भाग रिकामा. खाली जाळ दिला की वाफ पाण्याला वर रेटते, पाणी पुडीतून घुसतं आणि वरच्या भांड्यात काळा रस येतो. साहेब त्याला एस्प्रेसो म्हणायचा. मालक एक्सप्रेस म्हणायचे. मला कितीतरी दिवस वाटत होतं की रेल्वेत मिळते म्हणून तिला तसं नाव आहे.

साहेबाने काठावर बसून स्वतः ती केली, मालकांना बोटभर दिली. मी छपराआडून बघत होते. मालकांनी तोंडात घेतली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, आता थुंकतील. ते म्हणाले, "वा साहेब!"

वास माझ्यापर्यंत आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूने नदीत ओकत होते. जळक्या खोबऱ्यात कुणी कडू औषध उकळावं तसा तो वास. आणि तो येऊन थांबायचा नाही, घशात बसायचा.

साहेब जाताना भांडं आणि कॉफीचा डबा ठेवून गेला. त्याच्याकडे तसं दुसरं होतं. भादव्यात तो राजधानीतला एक पाहुणा घेऊन येणार होता. पाहुण्याला नदीच्या मधोमध नावेत बसवून कॉफी पाजायची, धरणाची जागा दाखवायची, असा त्याचा बेत. "सीख लो," तो मालकांना म्हणाला. "ऐसी बनाओ कि मेहमान याद रखें. फिर तुम्हारा पक्का कर देंगे. क्वार्टर भी मिलेगा."

क्वार्टर म्हणजे भिंतीचं घर. मालकांनी ते शब्द मला चार-पाच वेळा ऐकवले. मलाही हवं होतं. विंचवांशिवायच्या जमिनीवर बाळंत व्हावं असं कुणाला वाटणार नाही? म्हणून मी सुरुवातीला गप्प राहिले आणि नाकाला पदर लावून बसले.

पहिल्या दिवशी मालकांनी डब्यातल्या कॉफीच्या बिया माझ्या खलबत्त्यात कुटल्या. त्या खलबत्त्यात मी लसूण-मिरची कुटायची. त्या दिवशीची कॉफी लसणाची झाली आणि पुढचे आठ दिवस चटणी कॉफीची झाली. पाणी नदीचं. तुरटी फिरवून गाळ बसवला तरी त्या पाण्याचा रंग मातकटच राहायचा, आणि एकदा कळशीतून ओतताना त्यातून एवढंसं बेडूक भांड्यात पडलं. मालकांनी ते बोटाने काढून टाकलं आणि भांडं स्टोवर चढवलं.

"अहो, पाणी तर बदला!"

"रॉकेल जाईल गं. गरम झालंय आता ते."

ती त्यांनी प्यायली. मी बघितलं. नंतर त्यांनी मिशी पुसली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ करून जेवले.

दोन भागांच्या मधे रबराची एक चकती होती. मोठा जाळ देऊन देऊन ती फाटली. मग फटीतून काळी पिचकारी उडायला लागली. छपराच्या तट्ट्यावर उडाली, माझ्या लुगड्यावर उडाली, आणि वाळत घातलेल्या बाळाच्या दुपट्यावर उडाली, जे मी अजून जन्म न झालेल्या लेकरासाठी शिवून ठेवलं होतं. मालकांनी काय करावं? आपली जुनी वहाण घेतली, तिच्या तळव्याचं चामडं गोल कापलं आणि ते चकतीच्या जागी बसवलं. शेणातून, चिखलातून, सगळ्या तालुक्यातून फिरलेली वहाण. ती वाफेत शिजायला लागली तेव्हा नावेत जो वास सुटला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मामा काठावर होता. तो उठून उभा राहिला आणि नदीकडे बघायला लागला, वरून काही मेलेलं वाहून आलं का म्हणून.

"दादा," तो म्हणाला, "हे काय करून राहिलेत तुमी? कातडं कमावून राहिले का?"

"कॉफी हाय, मामा."

"असंल बापा," मामा म्हणाला. "साहेब लोकांचं काई सांगता येत न्हाई."

मालकांना राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. ते नेटाने करत होते. मोठा जाळ दिला तर कॉफी जळायची आणि रॉकेल जायचं. बारीक जाळ दिला तर पाणी वर चढायच्या आत स्टो विझायचा. कंदिलातलं तेल कमी पडायला लागलं. पट्टीजवळ अंधार पडायला लागला. माझं वरण अर्धवट शिजायला लागलं. कच्च्या डाळीवर मी दिवस काढत होते आणि त्यांच्या पोटात काळं पाणी जात होतं. मला त्यांची किळस यायला लागली होती, हे सांगायला आज संकोच वाटत नाही. त्यांच्या बोटांना तो वास, श्वासाला तो वास. झोपेत ते माझ्याकडे वळले की मी तोंड तट्ट्याकडे करायची.

एका सकाळी ते असेच स्टोपुढे बसले होते आणि मी पाठमोरी भाकरी थापत होते. आधी वास साधा होता, म्हणजे मला सोसण्याइतका. भाजल्या शेंगांसारखा. मग एकदम तो वळायला लागला. दूध नासायच्या आधी कसं वळतं, तसा. मला आतून ढवळून आलं. मी ओरडले, "उतरवा ते! आत्ताच्या आत्ता उतरवा, न्हाईतर मी इथंच ओकते!"

त्यांनी घाबरून उतरवलं. भांडं बादलीतल्या पाण्यात टेकवलं, म्हणजे वास तिथेच थांबावा. वर अर्धंच भरलं होतं. ते त्यांनी पेल्यात ओतलं, वरती तांबूस फेसाचा पातळ थर होता. घोट घेतला.

"हीच," ते म्हणाले. "साहेबानं दिलती ती हीच."

त्या दिवसापासून मी त्यांची मोजपट्टी झाले. नदीवर एक पट्टी, नावेत एक. "आता कसं वाटून राहिलं?" ते विचारायचे. "मळमळतं का? थोडं का जास्त?" मी भांड्याकडे पाठ करून बसायची आणि मला ढवळलं की हात वर करायची. हात वर गेला की भांडं खाली. एखाद्या जित्राबाला बांधून ठेवावं तसं मला वाटायचं. पण खोटं कशाला सांगू, त्यामुळे दुसरंही झालं. ज्या वासाने जीव जातो, तो वास कमी कसा करायचा ते मीच बघायला लागले. वहाणेचं चामडं मी नदीत भिरकावलं आणि मालकांच्या सायकलच्या फुटक्या ट्यूबची चकती कापली. राखेच्या पाण्यात ती इतक्यांदा उकळली की तिचा वास गेला. खलबत्ता त्यांनाच देऊन टाकला आणि माझ्या चटणीसाठी मामाकडून वाटायचा दगड आणवला. पाणी पावसाचं धरायला लागले, छपराच्या कडेला पातेली मांडून. आणि ते पाणी मामाच्या चुलीवर आधीच उकळून घ्यायचं, लाकडं तर फुकटची, आणि उकळतं पाणीच भांड्यात भरायचं. मग स्टोवर फार वेळ लागेना. पूड कमी जळायची, वास कमी यायचा. रॉकेल वाचलं. कंदील पुन्हा पेटू लागला. माझी डाळ शिजू लागली.

चांगली कॉफी मी अशी शिकले. एक थेंब न पिता, निव्वळ किळसेतून. मालक म्हणायचे, "एकदा चाखून तर बघ." मी म्हणायची, "तुमी वहाण प्यायलात, मला काही सांगू नका."

भादव्यात साहेब आला, पाहुणा आला. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे, पायात पांढरे कापडी बूट. त्या चिखलात पांढरे बूट बघून मला वाटलं, ही माणसं कुठे जायचं ठरवून आली आहेत? बाईमाणसाने परक्यांसमोर असू नये म्हणून नावेच्या मागच्या टोकाला तट्ट्या उभ्या करून माझ्यासाठी आडोसा केला होता. आत मी, स्टो, भांडं आणि उकळत्या पाण्याची कपड्यात गुंडाळलेली किटली. कॉफी मालक करतात असं साहेबाला दिसायचं होतं, म्हणून मी आतून भांडं द्यायचं आणि त्यांनी पेल्यांत ओतायचं.

नदी सकाळपासून चढत होती. मामाने दोराला धरून नाव मधोमध नेली. धार नावेखालून असा आवाज करत जात होती की बोलणं मोठ्याने करावं लागत होतं. मी पहिलं भांडं लावलं. ढवळलं तेव्हा उतरवलं. तट्ट्याच्या फटीतून बघितलं तर पाहुण्याने घोट घेतला आणि भुवया वर केल्या. साहेब इतका खूश झाला की जणू नदी त्यानेच बनवली होती.

"क्या बात है," तो म्हणाला. "इस जंगल में!"

मालकांचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं! शाबासकी मिळालेल्या पोरासारखं. मला त्याचीही किळस आली आणि त्यांची कीवही आली.

तेवढ्यात हाक आली. खालच्या अंगाला, थोड्या अंतरावर, नदीत एक उंचवटा होता. एरवी त्याला पाणी लागायचं नाही, धनगर तिथे मेंढरं बसवायचे. आता तो चहूबाजूंनी वेढला होता. वर एक माणूस, एक म्हातारी आणि मेंढरांचा घोळका. माणूस मुंडासं सोडून हलवत होता.

"नावावाले! ओ नावावाले! पाणी येऊन राहिलंऽऽ!"

साहेबाने मान वळवली. "ये कौन चिल्ला रहा है?"

"धनगर हाय साहेब," मालक म्हणाले. "अडकले तिथं."

"पानी अभी दूर है उनसे. पहले मेहमान की कॉफी. दूसरा कप बनाओ."

पाहुणा पेला हातात धरून बसला. मालकांनी एकदा उंचवट्याकडे बघितलं, एकदा साहेबाकडे, आणि आडोशाकडे येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "लाव गं दुसरं. लवकर."

म्हातारी उभी नव्हती. ती खाली बसून एक कोकरू छातीशी धरून होती, एवढं मला दिसत होतं. मामा दोर धरून उभा होता. त्याने आडोशाच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातात नाव होती पण हुकूम नव्हता.

स्टो पेटलेलाच होता. त्यावर भांडं ठेवायला मी हात पुढे केला आणि मला ढवळून आलं. अजून वास सुटलाही नव्हता. पूड कोरडी होती. तरी पोटातून असं काही वर आलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. किळस आली ती त्या पांढऱ्या बुटांची, त्या 'पहले मेहमान की' शब्दांची, मालकांच्या 'लवकर'ची, आणि माझ्या या नाकाचीसुद्धा, ज्याने यांना ही चैन करून दिली होती.

मी स्टोची चावी सैल केली. हवा फुस्स करून गेली, जाळ विझला. झाकण फिरवून काढताना बोटं पोळली. स्टोमधलं रॉकेल मी नदीत ओतलं आणि मग डब्यातलं होतं तेही ओतलं, सगळं. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग पसरला आणि धारेबरोबर लांबत गेला.

मग मी आतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "रॉकेल सरलं."

"सरलं?" मालक आत डोकावले. "सकाळी तर..."

"सरलं म्हणलं ना. आता कॉफी होत नसते."

साहेबाला बाईचा आवाज ऐकून आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण कॉफीच नाही म्हटल्यावर नदीच्या मधे बसून करायचं काय? तो वैतागून म्हणाला, "चलो फिर, वापस चलो."

मामा जणू याचीच वाट बघत होता. त्याने कुणाला न विचारता दोराची कडी सोडली. नाव धारेला लागली आणि सरळ खाली, उंचवट्याकडे निघाली.

"अरे, किधर? किनारा उधर है!"

"हिकडूनच जावं लागतंय साहेब," मामा बांबू पाण्यात रोवत म्हणाला. "धार जाईल तिकडं नाव जाती."

उंचवट्याला नाव लागली तेव्हा पाणी म्हातारीच्या पायांना लागलं होतं. आणि तिथे मी माझे मालक बघितले. ते आधी उतरले, छातीपर्यंत पाण्यात. म्हातारीला त्यांनी उचलून नावेत ठेवलं. मग कोकरं द्यायला लागले, एकामागून एक, धनगर त्यांच्या हातात देत होता आणि ते आत. साहेब ओरडत होता की नाव बुडेल, वजन होईल. तो खोटं बोलत नव्हता. नाव खरंच खाली गेली होती. धनगराने मग मोठी मेंढरं पाण्यात लोटली, पुढे एडका घातला आणि स्वतः नावेचा काठ धरून पोहत निघाला.

आडोसा केव्हाच पडला होता. मी आता सगळ्यांच्या मधे बसले होते, माझ्या मांडीवर दोन कोकरं, शेजारी म्हातारी, समोर साहेब. आणि वास! भिजलेल्या लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या घोंगडीचा, भीतीने मुतलेल्या जनावरांचा. त्या बंद छपराखाली तो वास नाकात शिरला तेव्हा कॉफी मला अत्तर वाटली असती. मी दाबायचा प्रयत्न केला. पण काठापर्यंत जायला जागाच नव्हती. मी ओकले ते साहेबाच्या पांढऱ्या बुटांवर.

साहेब उठायला गेला तर नाव कलली, म्हणून पुन्हा बसला. त्याच्या तोंडावर जी किळस होती ती बघून मला वाटलं, चला, आता आपण सारखे झालो.

म्हातारीने माझं कपाळ धरलं. तिचा हात थंड होता आणि त्यालाही मेंढरांचाच वास होता. "ओक माय, ओक," ती म्हणाली. "कितवा हाय?"

"तिसरा सरत आला."

"मग व्हतंच असं. लाज नको धरू."

पाहुण्याने तेव्हा एक केलं. त्याने आपला पेला बाजूला ठेवला, माझ्या मांडीवरचं एक कोकरू घेतलं आणि स्वतःच्या पांढऱ्या कपड्यांवर धरून बसला. त्या दिवशी मला किळसवाणं वाटलं नाही असं ते एकच.

काठाला लागलो तेव्हा मेंढरं आधीच पोचायला लागली होती, एडका पुढे. सगळी आली नाहीत. कित्येक खालच्या वळणावर वाहत गेली, त्यांची डोकी काही वेळ दिसत होती. धनगर काठावर गुडघे टेकून बघत राहिला. म्हातारी एकेक मेंढरू हाताने चाचपत होती.

साहेब बुटांवर बादलीभर पाणी ओतून घेऊन गेला. भांडं आणि डबाही घेऊन गेला. मालकांशी तो एक शब्दही बोलला नाही.

संध्याकाळी मालक ओल्या कपड्यांनीच नावेत बसले होते. मी पोळल्या बोटांना हळद लावत होते. त्यांनी माझा हात धरला आणि हुंगला.

"तू ओतलं," ते म्हणाले. "रॉकेल."

"व्हय."

"काहून?"

"तुमाला ठावं न्हाई काहून?"

"अगं, आणखी एक कपच तर होता. त्यानंतर गेलोच असतो आपण. एका कपानं काय झालं असतं? घर गेलं हातचं!" त्यांचा आवाज चढला होता. ते रागावले होते, आणि त्यांचा राग मला समजत होता.

मी म्हणाले, "एका कपात पाणी किती चढतं ते मला काय विचारता? पाणी तुमी मोजता."

ते उठले आणि पट्टीकडे गेले. पट्टी बघून तसेच उभे राहिले. मग खालच्या अंगाला, जिथे उंचवटा होता तिकडे बघायला लागले. तिथे आता नुसतं पाणी होतं. मीही बघितलं. आम्ही काठाला लागलो त्याच्या थोड्याच वेळात तो बुडाला होता, हे मामाने मला आधीच सांगितलं होतं. मालक परत आले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

क्वार्टर मिळालं नाही. नदी उतरल्यावर नोकरीही गेली, कारण सांगितलं गेलं नाही. मी बाळंतपणाला कुरुंद्याला आले. मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या इतकी ओरडली की माझी आई म्हणाली, हिने नावेत कुणाला झोपू दिलं असतं? मालकांना पुढे हिंगोलीला सरकी काढायच्या गिरणीत काम लागलं आणि आम्ही तिथे एक खोली घेतली, मातीच्या भिंतींची, पण भिंतीची.

माझी मळमळ बाळंतपणाबरोबर गेली. डाळ, तेल, गोणपाट, सगळं पहिल्यासारखं सोसायला लागलं. एक कॉफी सोडून. निजामाचं राज्य गेलं त्या साली बाजारात एका हॉटेलवाल्याने कॉफी ठेवायला सुरुवात केली. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं, लांबून वळसा घ्यायची. मालक गिरणीतून कधीकधी उशिरा यायचे. अंगणातल्या रांजणापाशी थांबून चूळ भरायचे, एकदा, दोनदा, मिशीवरून ओला हात फिरवायचे आणि मगच आत यायचे. वास तरीही यायचाच. बरी केलेली नव्हती, जळकी होती, दारातूनच कळायचं मला. मी पदर नाकाला लावून ताट वाढायची आणि काही विचारायची नाही.